ओटा सुटला, खिडकी सुटली

अहो,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला. नमुना म्हणून एक जुना लेखही पाठवला होता. जन्म कुठला, शिक्षण किती, कोणत्या खात्यात नोकरी, पश्चात कोण कोण. मी सांगितलं, ते सगळं पेन्शनच्या कागदांत आहे, तिथून उतरवून घ्या. मला माझ्या नवऱ्याशी भांडायचंय, ते छापणार असाल तर लिहिते. हो म्हणाले.

भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची सवय जुनीच. मी तावातावानं बोलायला लागले की तुम्ही पिशवी उचलायचात. "जरा भाजी बघून येतो." अर्ध्या तासानं उतरत्या बाजारातली स्वस्त वांगी घेऊन यायचात, अर्धी किडकी. मग मी वांग्यांवरून भांडायची आणि मूळ विषय राहून जायचा. या वेळी वांगीसुद्धा आली नाहीत.

महिना झाला. मी चहा गाळून आणेपर्यंत तुम्ही खुर्चीतल्या खुर्चीत गेलात. मांडीवर पेपर होता, आणि तोही आदल्या दिवशीचा. पेपरचं बिल वाचवायचं म्हणून वरच्या मजल्यावरच्या राजेश्वर रावांचा तेलुगू पेपर तुम्ही दुसऱ्या दिवशी वाचायचात. घराचं कर्ज होतं तेव्हाही, कर्ज फिटल्यावरही. आपल्या घरात जग कायम एक दिवस उशिरानं चाललं. निवडणुकीचा निकाल लागून, गल्लीत फटाके वाजून विझून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चष्मा सावरत म्हणायचात, "अरेच्चा, हे पडले की!" रेणू कपाळावर हात मारून घ्यायची. "बाबा, फोनवर येतं सगळं." तुम्ही म्हणायचात, "फोनवरचं डोळ्याला बाधतं." डोळ्याला कुठलं हो, डेटाला बाधायचं.

डॉक्टर आले, नाडी बघितली, मान हलवली आणि गेले. फी घेतली नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हे ऐकून तुम्ही खूश झाला असतात. आणि मग मला तुमचा इतका राग आला की रडायलाच उशीर झाला.

राजेश्वर राव अजून पेपर आणून देतात. पहिल्या आठवड्यात मी दारातच म्हटलं, "अब नक्को अण्णा, पढनेवाला गया." ते म्हणाले, "रहने दो अम्मा, मेरे कू आदत हो गई." आता तो पेपर मी वाचते. एक दिवस उशिरा.

---

लोक भेटायला आले ते ऐन मे महिन्यात. हॉलमध्ये एक पंखा, आणि तोही तुमच्या सवयीप्रमाणे तीनवर. रुमालानं मान पुसत माणसं तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती आणि वर पंख्याकडे बघत होती. शेवटी विलास भावजी कुठून तरी भाड्यानं कूलर घेऊन आले. "वहिनी, दादांनी आयुष्यभर वाचवलं, आता बसायला आलेल्यांना तरी वारा मिळू दे." तुमचा धाकटा भाऊ तो, तुमच्यापेक्षा कमी कमावणारा, आणि गेली पाच वर्षं एसीत झोपणारा.

एसीचं वचन कुणी दिलं होतं? मी मागितला नव्हता. तुम्हीच म्हणाला होतात, कर्ज फिटलं की पहिला एसी. कर्ज फिटून दोन उन्हाळे गेले. पहिल्या उन्हाळ्यात म्हणालात, सीझनमध्ये भाव चढलेले असतात, दसऱ्याला घेऊ. दसऱ्याला म्हणालात, आता थंडी येतेय, कायकू? थंडीत म्हणालात, जुनं मॉडेल निघेल तेव्हा बघू. मी विचारलं, "आता कोणाचे पैसे द्यायचेत आपल्याला?" तुम्ही खूप विचार करून म्हणालात, "कोणाचेच नाही. तेच तर." तेच तर म्हणजे काय हो? याचं उत्तर देऊन मग जायचं होतं.

तुम्हाला भीती कशाची होती ते मला माहीत नव्हतं असं नाही. तुमच्या घरी आजोबांपासून शिक्षण, कोर्टात कारकुनी, भिंतीला लागून कायद्याची पुस्तकं. आणि राहायला तीन पिढ्या जामबागेतल्या भाड्याच्या खोल्या. मालक सकाळी उठून बादल्या मोजायचा. एका दिवशी 'खोल्या खाली करा' म्हणाला आणि तुमच्या वडिलांनी सगळी पुस्तकं ढकलायच्या बंडीवर रचून नेली, गल्ली बघत होती. हे तुम्ही मला लग्नानंतर एकदाच सांगितलंत. पुन्हा कधी त्या गल्लीतून मला नेलं नाहीत. कोटीच्या बाजाराला जायचं असलं तरी लांबून वळसा. तेवढा एक वळसा तुम्ही पेट्रोलचा हिशोब न करता घ्यायचात.

माझ्याकडे उलटं. माझे वडील उदगीरकडून आलेले, बेगम बाजारात एका आडत्याकडे पोती उचलायचे. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही ऐकवते, न विचारता. तुमच्या आई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "बी.कॉम. म्हणजे नेमकं काय येतं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "हिशोब येतो, आई." तेव्हापासून तुम्ही मला बी.कॉम.बाई म्हणायला लागलात. चिडवायला. मला ते चिडवणं कधी लागलं नाही, ते वेगळं.

आणि घर माझ्या नावावर घेतलंत. दिलसुखनगरच्या मागचा हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, हॉल, गॅलरी. मैत्रिणी म्हणाल्या, किती प्रेम! प्रेम कसलं, बायकांच्या नावावर कर्ज घेतलं तर व्याजात चिमूटभर सूट होती. तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलात. पण रजिस्ट्रारच्या ऑफिसात माझं नाव पुकारलं, माझ्या वडिलांच्या नावासकट, तेव्हा मी पदर सारखा करून उठले. पोती उचलणाऱ्या माणसाच्या मुलीच्या नावावर या शहरात घर झालं. सूट चिमूटभर असेल, ते नाव चिमूटभर नव्हतं. हे तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही झेरॉक्सवाल्याशी भाव करत होतात.

---

पंधरा वर्षांचं कर्ज. तुम्ही पहिल्याच महिन्यात अस्वस्थ. "पंधरा वर्षं आपण परक्याच्या घरात झोपायचं?" मग महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली. ती सगळी तुम्ही कर्जात भरून आलात आणि चप्पल काढायच्या आधी देव्हाऱ्यातलं कुंकू घेऊन दारात बसलात. उंबरठ्याला बोट लावलंत.

"हे काय?"

"उंबरठा सुटला. आजपासून एवढा आपला."

मी म्हटलं, "असं तुकड्यातुकड्यानं घर सुटत नसतं. शेवटचा पैसा जाईपर्यंत सगळं बँकेचं."

"कागद ठेवू दे त्यांना. उंबरठा आपला."

आणि सुरू झालं. जे घ्यायचं नाही असं ठरलं, त्याचे पैसे त्याच आठवड्यात कर्जात, आणि घराच्या एका भागाला कुंकू. जे सुटलं त्याला लावायचं, जे गहाण आहे त्याला नाही, हा नियम. माझा मिक्सर जळला, नवा घेतला नाहीत, पाटा-वरवंटा खाली काढलात: स्वयंपाकघराचा ओटा सुटला. बहिणीच्या मुलाच्या मुंजीला नांदेडला मी एकटीच गेले, तिघांच्या ऐवजी एक तिकीट: बेडरूमची खिडकी सुटली. किराणा बेगम बाजारातून घाऊक, तीन बिऱ्हाडांत वाटून. चिंच हंगामात, मिरच्या हंगामात. कुकरमध्ये एकावर एक तीन डबे. संध्याकाळी तिघं एकाच खोलीत, एकाच ट्यूबखाली. त्यातून कधी नळ सुटला, कधी कपाट. संडास सुटला त्या दिवशी मात्र मी दारात आडवी उभी राहिले. "तिथे कुंकू लावलंत तर मी माहेरी जाईन." तुम्ही विचार केलात. "बाहेरच्या कडीला लावू?" म्हणालात. कडीला लावलंत.

रेणूच्या खोलीचं दार तिच्या दहावीच्या सहलीतून सुटलं. सगळा वर्ग गेला, ती नाही गेली. ती रडली नाही. तिनं काय केलं ते तुम्हाला आठवतंय. पुढे जेव्हा जेव्हा तुमच्यावर चिडली, तेव्हा ते दार धाडकन आपटलं. तुम्ही ओरडलात, "हळू! बिजागरी निखळेल!" आतून आवाज आला, "माझ्या सहलीचं दार आहे, मी आपटणार!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, "बरोबर आहे तिचं."

हॉलची फरशी तुमची स्वतःची. ऑफिस सुटल्यावर मित्रांबरोबर इराणी हॉटेलात बसायचात, चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं, एवढी एकच चैन. ती तुम्ही बंद केलीत. मित्र काय म्हणायचे ते मला नंतर कळलं, तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. थर्मास घेऊन जायला लागलात. नऊ वर्षं. कर्ज फिटल्यावर मी तुम्हाला ओढून त्याच हॉटेलात नेलं. चहा आला, तुम्ही घोट घेतलात, डोळे मिटलेत. मग बिल आलं. "एवढ्यात पाव किलो चहापत्ती येते गं!" सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

आणि ते पेढे. पहिल्या वर्षी आपण तीनदा जादा पैसे भरले. एका दिवशी तुम्ही चक्क पेढे घेऊन आलात. "बघा बी.कॉम.बाई, बँकेनं हप्ता कमी केला!" मी कागद हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं. हप्ता उतरला होता, मुदत तशीच्या तशी, पंधरा वर्षं. म्हणजे आपण पोटाला चिमटा काढून पैसे द्यायचे, आणि बँकेनं म्हणायचं, आता सावकाश फेडा, व्याज देत बसा. मी म्हटलं, "पेढे कुणाला वाटताय? बँकेला वाटा." दुसऱ्या दिवशी शाळेतल्या नोकरीवर अर्धी रजा टाकून मी बँकेत गेले. खिडकीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, हफ्ता कम हुआ ना, अच्छा है ना?" मी म्हटलं, हप्ता होता तेवढाच ठेवा, वर्षं कमी करा, लेखी देते, शिक्का मारून पोच द्या. पंधराची नऊ वर्षं त्या अर्जामुळे झाली, पाटा-वरवंट्यामुळे एकट्या नाही. त्या दिवसापासून बी.कॉम.बाई म्हणताना तुमचा आवाज जरा उतरायचा. पण "चूक झाली" हे चार अक्षरी सोडा, दीड अक्षरीसुद्धा निघालं नाही तोंडातून.

शेवटी गॅलरी राहिली होती. ती सुटली त्या दिवशी तुम्ही तिथे उभे राहून खाली रस्त्याकडे बघत होतात. कुंकू लावून झालं तरी आत येईनात. मी म्हटलं, "झालं ना आता?" तुम्ही म्हणालात, "कुणी आता खाली करा म्हणणार नाही." आणि नाक पुसलंत. त्या एका वाक्यासाठी मी तुमचे सगळे उन्हाळे माफ केले होते. होते म्हणते, कारण नंतर तुम्ही एसी घेतला नाहीत.

---

आता मूळ विषयावर येते. वांगी आणायला तुम्ही नाही, त्यामुळे या वेळी विषय राहणार नाही.

रेणू फिजिओथेरपिस्ट झाली, सरकारी सीटवर, आपल्याला फार खर्च न लावता. एका नर्सिंग होममध्ये सकाळी आठ ते रात्री आठ राबते. पेशंट तिचं नाव घेऊन येतात, कंबर धरलेले ऑटोवाले, कोचिंग क्लासमध्ये मान मोडून बसणारी पोरं. पैसे मालकाला, थकवा हिला. तिला स्वतःचं दोन खाटांचं क्लिनिक काढायचंय. बँक कर्ज द्यायला तयार, पण तारण मागते. तारण काय? हेच घर.

तुम्ही तिच्या कामाला मालिश म्हणायचात. "बाबा, मालिश नाही, फिजिओथेरपी!" "हौ हौ, तेच. तेल न लावता."

त्या दिवशी जेवताना तिनं विषय काढला. तुम्ही म्हणालात, "माझा हात माग, पाय माग. घर नाही. एकदा सोडवलेलं घर पुन्हा गहाण ठेवायचं नाही."

रेणू म्हणाली, "घर आईच्या नावावर आहे."

तुमचा घास हातातच राहिला. हे वाक्य आपल्या घरात त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. मग तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "आहे ना. विचार तुझ्या आईला."

दोघं माझ्याकडे बघायला लागलात. मी म्हटलं, "कढी वाढू का?"

पुढचे काही आठवडे बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत. तुम्ही समोर बसलेले, आणि ती मला सांगणार, "बाबांना सांग, नळाला पाणी आलंय." तुम्ही मला सांगणार, "तिला सांग, मला दिसतंय." मी तुम्हा दोघांनाही सांगितलं, मी काही टपाल खात्यात नाही. पण मनातून मला वाटत होतं, निवळेल. घरात भांडणं होतात, दार आपटतं, आणि मग कुणीतरी चहा टाकतं. वेळ आहे. आपल्याकडे सगळ्याला वेळ असायचा, एसीला होता तसा.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी दहीभात कालवता कालवता तुम्ही विचारलंत, "ते मान ओढायचं यंत्र असतं ना तिचं, त्याला किती पडतात गं?"

मी वैतागलेलीच होते. म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. उगंच."

संपलं. याच्यापुढे काही नाही. महिनाभर मी ते 'उगंच' घेऊन फिरतेय. तुमच्या तोंडून एखाद्या वस्तूची किंमत विचारली जाणं हा होकाराचा पहिला टप्पा असायचा की नकाराचा शेवटचा, हे मला एवढ्या संसारात कळलं नाही. तुम्ही विरघळला होतात, की "एवढ्या पैशांत बघ काय काय येतं" असं दुसऱ्या दिवशी ऐकवणार होतात? एक वाक्य जास्त बोलला असतात तर त्याला वीज लागत नव्हती.

रेणूनं दहाव्यानंतर विचारलं, "आई, बाबा माझ्याबद्दल काही बोलले होते का?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, यंत्राची किंमत विचारत होते. तिचे डोळे मोठे झाले. "मग तू किती सांगितलीस?" "सांगितलीच नाही." ती हसायला लागली, मग हसता हसता ते दुसरंच काही झालं. मी तिची पाठ थोपटत राहिले. तिला बिचारीला सगळ्यांच्या पाठी कळतात.

दहाव्यालाच तुमच्या आक्का आल्या होत्या, तुमची थोरली चुलतबहीण, ज्यांच्यापुढे तुम्ही आवाज काढायचा नाहीत. माझ्या कपाळाकडे बघून त्यांनी आधीच एकदा घसा खाकरला होता. टिकली मी काढलेली नाही, काढणारही नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मग त्यांना घरभर कुंकवाची बोटं दिसली. उंबरठा, खिडकी, ओटा. "रेणू, हे पुसून घे बाई. या घरात आता बरं दिसत नाही." महिनाभर तुमच्याशी धड न बोललेली तुमची मुलगी उठून त्या दारासमोर उभी राहिली, तिच्या सहलीच्या. "ते बाबांचं आहे, आत्या. हात लावायचा नाही."

---

उद्या बँकेत जायचंय. मंजुरीचं पत्र महिनाअखेरपर्यंतच चालतं, आणि सही माझी.

मी खूप दिवस ठरवू शकले नाही. सही केली तर तुमची ती बंडी मला दिसते, पुस्तकं रचलेली, आणि वाटतं, गेल्यावर लगेच तुमच्या पाठीमागे हे करतेय मी. नाही केली तर माझे वडील दिसतात. त्यांच्याकडे गहाण ठेवायला घर नव्हतं, पाठ होती. ती त्यांनी ठेवली आणि मला कॉलेजात घातलं. कुणी त्यांना म्हटलं असतं, पाठ जपा, मुलगी काय शिकून करणार, आणि त्यांनी ऐकलं असतं, तर हे घर कुणाच्या नावावर झालं असतं? तुमची भीती खोटी नव्हती. पण घर जपायला म्हणून पोरीला दुसऱ्याच्या दवाखान्यात जुंपून ठेवायचं, तर मग आपण तिला भाड्याच्या खोलीतच ठेवलं की. भिंती आपल्या, एवढाच फरक.

तेव्हा सही करतेय. रागवायचं तर रागवा.

पण तिच्या मनासारखं नाही करत. तिनं खर्चाचा अंदाज माझ्यापुढे ठेवला, मी पेन्सिल घेतली. काचेचं दार, काट. सोफा, काट, बाकडं चालतं. दिव्यांची पाटी, काट. ऑटोवाले नाव सांगत येतात, त्यांना पाटी कशाला? पुढे लिहिलं होतं, फिश टँक. माझ्या तोंडून निघालं, "फिश टँक कायकू?" आणि आम्ही दोघी थबकलो. तो आवाज माझा नव्हता हो. रेणू म्हणाली, "आई, बाबा तुझ्यात शिरले." मी म्हटलं, "भाडं न देता." मान ओढायचं यंत्र एका बंद पडलेल्या क्लिनिकमधून जुनं मिळतंय. किंमत विचारली. तुम्हाला कळवायचं राहिलं होतं म्हणून सांगते, नव्याच्या निम्म्याहून कमी. कर्ज आता तिनं मागितलं होतं त्याच्या अर्धं आहे. आणि पहिल्याच दिवशी मी त्यांना लेखी देणार आहे, जादा पैसे भरले तर हप्ता तसाच, वर्षं कमी.

एक गोष्ट मात्र मला काटता आली नाही. एसी. पेशंटला घाम आला तर दुखणं कमी करायच्या विजेच्या यंत्राच्या पट्ट्या अंगाला चिकटत नाहीत म्हणे. मी दोनदा विचारलं, खरंच नाही चिकटत? नाही चिकटत. तेव्हा एसी येतोय. क्लिनिकचा हिशोब मी बघणार, शाळेतल्या कामावरून सुटले की रोज संध्याकाळी. तिथे बसून. गार हवेत.

आज सकाळी मी बादली आणि फडकं घेतलं. जे गहाण आहे त्याला कुंकू नाही, नियम तुमचाच. बँकेला काही दिसणार नाही, पण मला दिसेल. ओट्यावरचं एका हातात निघालं, नळाचं, फरशीचंही. लाकडाचं निघेना. उंबरठा, खिडकीची चौकट, रेणूचं दार. साबण लावला, राख लावली. तुम्ही बेगम बाजारातून सुटं पाव किलो कुंकू आणलं होतंत, एका पुडीत सगळं घर भागवायला. मी नऊ वर्षं त्याला नावं ठेवली, कपाळाला लावलं तर खाज सुटेल, असलं स्वस्तातलं. ते आत मुरलंय. मी उंबरठ्यावर बसून घासतेय, घामानं डोळे चुरचुरतायत, आणि तुमच्यावर चिडतेय, की एवढी स्वस्त वस्तू एवढी टिकते कशी.

रेणू कामावर निघाली होती. चपला हातात घेऊन थांबली. "राहू दे ना आई."

"नियम म्हणजे नियम."

"मग पहिल्यांदा जादा पैसे भरले, की परत उंबरठ्यापासून?"

"उंबरठ्यापासून."

"कुंकू कोण लावणार?"

मी फडकं पिळलं. "मी."

तिनं चपला खाली ठेवल्या. "आत्या काय म्हणतील?"

"तुझ्या आत्याच्या नावावर घर आहे का?"

ती हसत हसत जिना उतरून गेली. मी पाणी ओतलं, डाग तसाच ठेवला आणि देव्हाऱ्यातली तुमची पुडी उघडून बघितली. तळाला चिमूटभर उरलंय. रविवारी बेगम बाजारात जाते. भाव करीन, काळजी करू नका. या वेळी अर्धा किलो आणते. अर्धा किलो घेतलं की स्वस्त पडतं, तुम्हीच सांगायचात.